मापाची बांगडी

पौडच्या पेठेत मशिदीमागच्या बोळात रोशनबी मणेरीण राहायची, आणि सगळ्या मुळशी खोऱ्यात तिला भिऊन असायच्या त्या सुना नव्हेत, सासवा. कारण साधं होतं. बांगड्या भरायला ती बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी एकदा चेपायची, आणि त्या एका चेपण्यात तिला त्या घराची सगळी खबर लागायची. हात जरा फुगलाय म्हणजे पोरगी दोन जिवांची आहे, हे नवऱ्याच्या आधी रोशनबीला ठाऊक. मनगटावर बोटांचे वळ असले तर ती काही विचारायची नाही. बांगडी सरकवता सरकवता दाराआडच्या सासूला ऐकू जाईल अशा आवाजात फक्त म्हणायची, "काच लई चुगलखोर आसती बाई. हात पिरगळला की पयली तीच वरडती." दाराआडचं लुगडं सळसळायचं आणि आत जायचं.

इतक्या खबरा पोटात घेऊन ती भरे गावापासून वर मुळशीच्या धरणाच्या काठापर्यंत पायी हिंडायची, डोक्यावर टोपली, खांद्याला बांगड्यांच्या माळा. पण एका गावचं तिनं दुसऱ्या गावाला कधी सांगितलं नाही. या एका गोष्टीवरून तिची शेजारीण सगुणाबाई तिच्यावर जन्मभर नाराज होती. सगुणाबाईच्या पोटात बातमी म्हणजे तव्यावर पाण्याचा थेंब. भिंतीला भिंत लागून घर, एकीला सगळं ठाऊक आणि ती सांगत नाही, दुसरीला काहीच ठाऊक नाही आणि ती सगळ्यांना सांगते. तरी दोघींचं जमायचं. सगुणाबाईच्या रत्नाला बाराव्या दिवशी मनगटात पहिल्या इवल्याशा बांगड्या घातल्या त्या रोशनबीनं, आणि तेव्हाच सगुणाबाईनं वदवून घेतलं होतं, "हिचा लगनाचा चुडाबी तूच भरायचा. दुसरीला हात लावू द्यायची न्हाई."

रोशनबीला मूलबाळ नव्हतं. नवरा मौला कल्हईवाला. दिवसभर भात्याशी बोलून झाल्यावर माणसांसाठी त्याच्याकडं फारसे शब्द उरत नसत. घरात बोलणं सगळं रोशनबीचं, आणि त्यातही निम्मं बांगड्यांचं. तिचा एक हेका होता: बांगडी मापाची पाहिजे. चढताना थोडी कुरकुरली पाहिजे आणि एकदा चढली की साबणाशिवाय उतरता कामा नये. "जी आपनहून निघती ती बांगडी न्हवं," ती म्हणायची, "ती म्हशीच्या गळ्यातली कडी."

सत्तावन सालच्या थंडीत एका सकाळी तिनं माळ उघडली आणि पुण्याच्या व्यापाऱ्याच्या नावानं शिव्या द्यायला सुरुवात केली. लाल म्हणून दिलेल्या बांगड्या विटकरी निघाल्या होत्या. मौलानं पाहिलं, त्याला त्या लालच दिसल्या. मग तिनं उजवा डोळा झाकला, डावा झाकला, पुन्हा उजवा झाकला. व्यापारी सुटला. एका डोळ्यानं लाल होतं, दुसऱ्यानं विटकरी. दीड महिना तो डोळा धुकट राहिला आणि आपला आपण निवळला. लोकांनी म्हटलं, दृष्ट लागली होती, उतरली.

दुसऱ्या वर्षी पायांखाली कुणीतरी गोधडी अंथरल्यासारखं वाटायला लागलं. जमीन लागायचीच नाही. तेही गेलं. मग मान खाली घातली की मानेतून पाठीपर्यंत झिणझिणीची एक रेघ सटकन खाली उतरायची. आता मणेरणीचा धंदाच मान खाली घालून करायचा. ती माळ ओवावी तशी एकामागून एक दुखणी ओवत राहिली. भगतानं लिंबू दिलं, दर्ग्यावरून दोरा आला, मौलानं दोन्हीकडं माथा टेकला. महिनाभर ती लटपटत भिंत धरून चालायची आणि पुढच्या महिन्यात टोपली घेऊन भऱ्याला चाललेली दिसायची. मग पेठेत कुजबुज व्हायची. बरी असली की लोकांना तिचं दुखणं खोटं वाटायचं, आजारी असली की बरेपण. "सोंग हाय," असं कुणीतरी म्हणालं, ते फिरत फिरत तिच्या कानावर आलं. आणणारी अर्थात सगुणाबाईच. "मी त्या रांडंला म्हनलं, सोंगच करायचं तर रोशनी धडधाकट मान्साचं करंल, लंगडीचं कशाला करंल?"

मग भऱ्याचं लग्न आलं. हैबतरावांच्या घरचं, वैशाखातलं. मांडवात माणसांची दाटी, मागं चुली पेटलेल्या, आणि ऊन असं की सावलीतसुद्धा घाम सुटावा. का कोण जाणे, ऊन वाढलं की रोशनबीची बोटं तिची राहत नसत, लाकडाची व्हायची. नवरीचा हात तिनं घेतला, चेपला, आणि तिला काहीच कळलं नाही. आजवरच्या सवयीवर तिनं माप ठरवलं. पहिली बांगडी वाढली. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, पण चुड्याला ती वाढणं चांगलं नाही. दुसरी वाढली. तिसरी वाढली आणि नवरीच्या मनगटावर रक्ताचा ओघळ आला. रोशनबी पदरानं पुसायला लागली. पुसते आहे, पुसते आहे, आणि जखम काही सापडत नाही. पोरगी तर रडतही नव्हती. शेवटी कुणीतरी म्हणालं, "आगं बाई, रगत तुजंच हाय की!" काचेची कपची तिच्याच बोटात रुतून बसली होती, आणि तिला पत्ता नव्हता.

नवऱ्याकडची कोणी मावळण होती, ती बोलली ते हळू नाही बोलली. "दुसरी मनेरीन आना. हिच्या हाताला काय तरी झालंया." पिरंगुटाहून दुसरी आणली. रोशनबी पायी घरी आली, टोपली मौलाच्या हातात दिली आणि म्हणाली, "माळ्यावं टाक. परत काडू नको." सगुणाबाई दारात आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं, "रत्नीचा चुडा पिरंगुटवालीकडनं भरून घे. सांगून ठेव तिला आत्तापासनं."

त्यानंतर ती भिंतीकडं तोंड करून पडली.

लोकांना वाटायचं ती रडत असेल. ती रडत नव्हती. रडायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं. सकाळ झाली की तिला वाटायचं, पुन्हा आली ही. भाकरीला चव नव्हती, मीठ टाकलं तरी नव्हती. केसांच्या जटा झाल्या. सगुणाबाई उंबऱ्यात बसून साऱ्या गावाचं सांगायची, ते नदीपलीकडून कुणी हाका मारतंय असं ऐकू यायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला लाज वाटायची. नवरा मारत नाही, पीत नाही, छप्पर आहे, चूल आहे. एवढं असून आपलं मन असं का मेलं, हे ती स्वतःलाच विचारायची आणि उत्तर नाही म्हणून आणखी आत आत सरकायची. मौलानं लांबच्या गावांना जाणं सोडलं. भाता अंगणातच मांडला. कामाच्या मध्ये मध्ये उठून तो दारातून एकदा आत पाहायचा आणि पुन्हा जाऊन बसायचा.

दिवाळीच्या आसपास एकदा तिनं पाठ न वळवताच विचारलं, "अवं, मुळशीच्या धरनाचं पानी किती खोल आसंल?"

मौला तांब्याला राख लावत होता. राख तशीच हाताला राहिली. मग तो बोलला. त्याच्या मानानं ते फार मोठं भाषण होतं. "खोल हाय. पर तुज्या पायानं तितवर जायाला दोन दिस लागतील. आन् मी संगं येनार. तू बुडालीस तर मीबी आलो. मंग सगुनाभाबीची भांडी तशीच काळी ऱ्हातील, आन् ती आपल्याला वर येऊनबी शिव्या घालंल."

दुसऱ्या दिवशी त्यानं भाता गुंडाळून ठेवला, तिला उठवली, केस कसेबसे विंचरले, तेही उलटे, आणि पुण्याच्या एस.टी.त बसवली.

मोठ्या दवाखान्यात तीन खेपा झाल्या. कुणी पायाला टाचणी टोचली, कुणी गुडघ्यावर हातोडी मारली, कुणी तळव्याला गुदगुल्या केल्या. तिसऱ्या खेपेला एका वयस्क डॉक्टरनं दोघांना समोर बसवलं. दुखण्याचं नाव त्यानं सांगितलं ते मल्टिपल स्क्लेरोसिस; मौलाला ते पाठ करता आलं नाही, म्हणून त्यानं ते चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि टोपीच्या घडीत ठेवलं.

"शरीरात तारांसारख्या नसा असतात," डॉक्टर म्हणाले. "तारेवर कापड गुंडाळलेलं असतं ना, तसं नसांवरही असतं. तुमचं ते जागोजाग झिजतंय. म्हणून कधी डोळा, कधी पाय, कधी हात. कधी बरं वाटेल, कधी पुन्हा उचल खाईल. उन्हात, तापात जास्त होईल."

"औषद?" मौलानं विचारलं.

"मुळातून बरं करेल असं माझ्याजवळ नाही." डॉक्टरांनी हे डोळ्याला डोळा देऊन सांगितलं. मग रोशनबीकडं वळून विचारलं, "बाई, जेवता का?"

"गिळते."

"झोप?"

"पडून आसते."

"जगावंसं वाटतं का?"

मौला खाली फरशीकडं पाहायला लागला. "न्हाई वाटत, सायब," ती म्हणाली. "पर तसं म्हनायची लाज वाटती. कशाची कमी न्हाई मला. मंग ही कसली धाड भरलीया?"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "पाय बधिर झाला तेव्हा लाज वाटली होती का?"

"पायाची कसली लाज?"

"मग मनाची कसली? ह्या दुखण्यात मनही बसतं. पुष्कळांचं बसतं. तो तुमचा आळस नव्हे, आणि देवानं दिलेल्याची किंमत नाही असंही नव्हे. पाय जसा येतो-जातो तसं तेही येईल-जाईल. आलं की एकट्यानं पडून राहू नका, घरात सांगा. आणि हाताला रोज थोडं काम द्या. थकण्याच्या आधी थांबायचं, लाजायचं नाही."

परतीच्या एस.टी.त बावधनच्या शेतांपाशी तिला रडू फुटलं. सहा महिन्यांचं साचलेलं. ते पिरंगुटापर्यंत चाललं. कंडक्टरला वाटलं, मयताला जाऊन आलेत. त्यानं पुढची जागा रिकामी करून दिली आणि मौलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "व्हायचं ते होतं, चाचा." मौलानं मान हलवली. त्याला तर आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साऱ्या पेठेला ठाऊक झालं की रोशनबीच्या अंगात तार आहे. सगुणाबाईनं काम चोख केलं होतं. रोशनबी पहिल्यांदाच पडल्या पडल्या बोलली, "आमच्या धरनावं मुंबईत दिवे लागत्यात, आन् मुळशीत आजून चिमनी. तार म्हनं गावात आली न्हाई, आन् माज्या आंगात कवा आली?" सगुणाबाई हसली, आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला तो लवकर काढला नाही.

हाताला काम द्यायचं, हे मौलानं सगुणाबाईला सांगितलं होतं. तिनं ते सरकारी हुकमासारखं घेतलं. संक्रांतीच्या आधी दोन दिवस ती स्वतः शिडीवर चढली, माळ्यावरची टोपली खाली काढली, धूळ झटकली आणि रोशनबीच्या उशाशी आणून आपटली.

"भर."

"न्हाई भरनार."

"मंग मी हितंच बसते. आन् बसले की मी बोलते, तुला म्हाईत हाय."

ती बोलली. दोन घरांची भांडणं, एका घराचा पाळणा आणि चौथ्या कुणाचं तरी पळून जाणं झाल्यावर रोशनबी उठून बसली, केवळ ते थांबावं म्हणून. सगुणाबाईचा हात पुढं घेतला.

"एक माप वरचं दे," सगुणाबाई सहज म्हणाली. "पुन्यात आता ढिल्या बांगड्यांची फ्याशन हाय."

"कवापासनं?"

"तू आजारी पडल्यापासनं."

बांगड्या चढल्या. एकही वाढली नाही. रोशनबीनं दोनदा मोजून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या आळीची रंभाबाई आली. तिला म्हणे उन्हानं हात सुजल्यासारखं वाटत होतं, एक माप वरचं बरं. संक्रांतीच्या दिवसांत थंडी असते, हे दोघींपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मग सारजाबाई आली, तिला काम करताना काच रुतते म्हणून एक माप वरचं. ओट्यावर गोधडी टाकून रोशनबी बसायची, दिवसाला एक-दोन हात भरायची, आणि बांगडी वाढायची नाही. फाल्गुन गेला, चैत्र गेला, उन्हाळा गेला. बोटं सुधारतायत, असं तिला वाटायला लागलं. ती केस विंचरायला लागली. मग एके दिवशी भाजी अळणी झाली म्हणून तिनं मौलाला, भाजी तिनंच केलेली असताना, अशा काही शिव्या घातल्या, की तो अंगणात जाऊन भात्याआड बसून एकटाच हसला.

आषाढात भाताची आवणी लागली. सगळ्या बाया कमरेत वाकून चिखलात रोपं लावत होत्या. अशातच एके दुपारी म्हातारी तुळजाबाई गुडघाभर चिखलानं माखलेली तरातरा बोळात शिरली. साठी उलटून गेलेली, आवाज दवंडीवाल्यासारखा. उजव्या मनगटात बांगड्यांच्या खाली काळा दोरा गच्च बांधलेला.

"रोशने! काय भरल्यास गं ह्या? चिखलात हात घातला की बांगडी रोपासंगट लागती! पाच लावल्या मी चार दिसांत. उगावल्या तर तुला आनून देते! समद्या बाया बांगड्या निसटू नयेत म्हून दोरं बांधून लावत्यात."

"तूच म्हनलीस ना एक माप वरचं?"

"मी कशाला म्हनतीया? सगुनी म्हनली. म्हनली, रोशनीच्या बोटास्नी कळत न्हाई, तिच्या हातनं वाडली की ती पुना भितीकडं तोंड करंल, म्हून समद्यांनी ढिलीच घ्याची. घेतली बया. पर कुटवर घ्याची त्ये तरी सांग!"

तुळजाबाईला बेत सांगितला होता. तो बेत रोशनबीला सांगायचा नाही, एवढं सांगायचं राहून गेलं होतं.

रोशनबी भिंत धरून उठली. भिंतीभिंतीनं सगुणाबाईच्या दारात गेली. सगुणाबाई नुकतीच शेतावरून येऊन पाय धूत होती. तिच्याही मनगटात काळा दोरा. तिनं हात पाठीमागं घेतला, पण उशीर झाला होता.

"पुन्याची फ्याशन व्हय गं?"

खोटं बोलण्यात सगुणाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या दिवशी तिला एकही सुचलं नाही.

"कीव करतीस माजी? साऱ्या गावाला गोळा करून?"

"कीव न्हाई. भ्या वाटतं मला." सगुणाबाई पाय तसेच ओले घेऊन उभी राहिली. "सा म्हैने तू भितीकडं बगत व्हतीस. मी कुनाशी बोलायचं? मालक ऐकत न्हाईत, सासू मेली. तुला काय वाटतं, मी रोज उंबऱ्यात बसून बडबड करायची ती करमत न्हाई म्हून? मी बगायची तू शास घेतीस का."

"ह्या सा म्हैन्यात मला वाटलं बोटं सुदारली. खोटं सुख दिलंस मला."

"सुख खोटं कसं आसंल? झालं का न्हाई?"

त्यानं रोशनबीला आणखी राग आला. "रत्नीच्या हातातबी ढिला चुडा भरनार व्हतीस? सासरी जाऊन पानी भरताना निघंल तवा?" सगुणाबाईनं मान खाली घातली.

घरी येऊन रोशनबी आडवी झाली आणि भिंतीकडं तोंड केलं. मौलाच्या हातातून पातेलं पडलं. तो जवळ येऊन बसला. थोड्या वेळानं ती उठली, भाकरीची टोपली ओढली आणि एक भाकरी, मग दुसरी भाकरी, कांद्याबरोबर, दातओठ खात खाऊन टाकली. खाता खाता मध्येच थांबली. "मला भूक लागलीया," ती म्हणाली, जणू कुणी पाहुणा आल्याचं सांगावं तशी. ते दुसरं, जुनं, आलं होतं तेव्हा तिला कधी भूक लागली नव्हती. म्हणजे हे ते नव्हे. हा साधा राग होता. रागाची तिला काडीची भीती नव्हती. राग तिला लहानपणापासून येत होता.

"हात दे," तिनं मौलाला सांगितलं.

मापाची बांगडी पुन्हा भरायला शिकायचं तर हात हवा, आणि घरात दुसरा हात नव्हता. मौलाचा हात म्हणजे निम्मा भाजलेला, निम्मा घट्टे पडलेला, बोटं केळ्यांसारखी. सगळ्यात मोठं माप काढून ती बसली. पहिल्या दिवशी सात वाढल्या. तिसऱ्या दिवशी अंगणात टपालवाला आला आणि पाहतो तर मौला कल्हईवाला हातात हिरव्या बांगड्या घालून मुकाट बसलेला. "चाचा, हे काय?" मौलानं शांतपणानं सांगितलं, "लोक दुसऱ्याला म्हनत्यात, हातात बांगड्या भर. आपन भरून बगितल्या. लई कटीन काम हाय." ही गोष्ट सगुणाबाईच्या आधी टपालवाल्यानं गावभर केली, त्याचा राग तिला पुढं वर्षभर होता.

चौथ्या की पाचव्या दिवशी रोशनबी दमली. बोटं पार गेली. तिनं मौलाचा हात तसाच ओढून त्यावर गाल टेकवला, जरा डोळे मिटावे म्हणून. आणि तिला तो हात कळला. भाजल्याचा जुना वण, अंगठ्याच्या मुळाचं टणक हाड, हाताची ऊब, नाडीसुद्धा. सव्वा वर्षात बोटांना जे कळलं नव्हतं ते सगळं गालाला कळत होतं. ती तशीच राहिली. मौलाला वाटलं ती रडते आहे, म्हणून तो हलला नाही. हाताला मुंग्या आल्या तरी हलला नाही.

"अवं," ती शेवटी म्हणाली, "माप कळतंय."

श्रावणात तिनं बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल असं सांगून टाकलं: बांगडी मापाचीच मिळेल. एखादी वाढेल, तयारी असेल तिनं बसावं. मग बाईचा हात दोन्ही हातांत घ्यायचा, मिटवायचा, आणि गालाला लावून क्षणभर डोळे मिटून बसायचं. पहिल्यांदा बायांना कसंसंच झालं. रंभाबाईला तर हसू आवरेना. सारजाबाईचं निराळं झालं. माहेर तुटलेली, चार वर्षांत कुणी तिचा हात असा गालाला लावला नव्हता. ती बांगड्या भरून झाल्यावरही तशीच बसून राहिली आणि मग पदर सावरून निघून गेली. पूर्वी डझनभर बांगड्या भरायला रोशनबीला पाव घटका पुरायची, आता दुपार जायची. पूर्वी तिला बायांच्या घरची खबर कळायची, आता बाया आपणहून सांगत बसायच्या, कारण बसावंच लागायचं.

सगळं गोड झालं असं नाही. कार्तिकात उजवा पाय पुरता गेला, आणि पायामागोमाग ते दुसरंही आलं. सकाळी उठून तिला पुन्हा वाटलं, पुन्हा आली ही. पण या वेळी तिनं भिंतीवर थाप मारून सगुणाबाईला बोलावलं. "आलंया ते," ती म्हणाली. "जवळ बस. बोलू नगं." आणि सगुणाबाई बसली. आठ दिवस, रोज, न बोलता. पौडच्या पेठेत अशी गोष्ट आधी घडली नव्हती आणि नंतरही कुणी पाहिली नाही. नवव्या दिवशी रोशनबीच म्हणाली, "रंभाबाईच्या घरचं भांडन मिटलं का गं?" आणि सगुणाबाईनं जो सुस्कारा सोडला तो शेजारच्या आळीला ऐकू गेला असेल.

रत्नाचं लग्न ठरलं वैशाखात. दुसरा मुहूर्तच मिळेना. रोशनबीला वैरी असलेला महिना, मांडव, दाटी, चुली. सगुणाबाईनं भीत भीत विचारलं, "पिरंगुटवालीला सांगू का? तू नुसती बस शेजारी." लग्नाच्या आदल्या दिवशी मौलानं रोशनबीला पाठीवर घेतलं आणि मांडवात आणून ठेवली. सोबत पाण्याची घागर आणि भिजवलेला पंचा.

रत्ना समोर बसली. रोशनबीनं तिचा उजवा हात घेतला, मिटवला, गालाला लावला. मांडवात बायका गप्प झाल्या. मग एक एक हिरवी बांगडी बोटांच्या पेरांवरून कुरकुरत वर चढू लागली. तिसरी वाढली. कुणीतरी चुकचुकलं. रोशनबीनं मान वर न करता म्हटलं, "वाडली. दुसरी घेते," आणि दुसरी घेतली. मौला मानेवरचा पंचा बदलत होता. उजवा हात पुरा भरला तेव्हा ऊन मांडवाच्या मध्यावर आलं होतं आणि तिच्या बोटांत काही उरलं नव्हतं. डावा डोळाही धुकट झाला होता.

नवऱ्याकडच्या बायका आल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आवरा की. हळद खोळांबलीया."

रोशनबीनं हात मांडीवर ठेवले. दोन वर्षांपूर्वी ती अशा वेळी मुकाट चेपत राहिली होती. "थांबा," ती म्हणाली. मोठ्यानं. "माजा हात थकला. मला पडू द्या."

सगुणाबाई घाईनं वाकली. "रोशने, डाव्या हाताला एक माप वरचं..." रोशनबीनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. सगुणाबाई म्हणाली, "ऱ्हायलं."

रोशनबी भर मांडवात चटईवर आडवी झाली. ओला पंचा मानेखाली, डोळे मिटलेले. पोरं तिच्यावरून उड्या मारून गेली. वऱ्हाडातली ती बाई पुन्हा काही पुटपुटली तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या तुळजाबाईचा आवाज मांडवावर गेला, "नवरीचा एकच हात भरलाया! कुनाला आर्दी नवरी न्यायाची आसंल तर न्या की उचलून!" वऱ्हाड हसलं. रत्ना जागची हलली नाही. "मी बसते चाची," ती म्हणाली. "हळद काय पळून जातीया?" डावा उघडा हात मांडीवर ठेवून ती तशीच बसली, आणि तिच्यासोबत सगळा मांडव थांबून बसला.

ऊन कलंडलं. डोंगराकडून वारा सुटला, मांडवाच्या झावळ्या वाजायला लागल्या. मौलानं पंचा पिळून पुन्हा भिजवला. रोशनबीनं एक डोळा उघडला, झाकला, दुसरा उघडला. रत्नाच्या मनगटातला चुडा हिरवा दिसत होता. ती कोपरावर रेलून हळूहळू उठून बसली.

"पानी दे," ती म्हणाली. "आन् तो दुसरा हात आन."

रत्नानं मूठ मिटली आणि आपणच पुढं वाकून तिच्या गालाला लावली.